डग्गा घुमतोय की नुसता दणका?

रविवार, दुपार

जास्त बासवाले म्हणून घेतलेले इन-इअर (कानाच्या नळीत घालायचे) इअरफोन पातळ, कोरडे वाजत असतील, तर ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या चिमुकल्या स्पीकरला, दोष देण्याआधी रबरी टिप बघावी. कानाच्या नळीत ती गच्च बसली नाही की सगळ्यात आधी गळतो तो अगदी खालचा, 20 ते 60 हर्ट्झचा भाग. तपासणी सोपी आहे: 50 हर्ट्झचा सलग सूर लावायचा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबायचा. दाबल्यावर सूर फुगला, म्हणजे टिप लहान पडतेय. दोन्ही कान सारखे नसतात. डावीकडे मीडियम आणि उजवीकडे लार्ज लागली तर त्यात विचित्र काही नाही.

घालताना विरुद्ध बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा नि इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा. फोमची टिप असेल तर चिमटीत दाबून बारीक करायची आणि कानात गेल्यावर फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायची. आत जाताना 'कर्र' असा आवाज आला, तर कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा वाकतोय. हळू घालावा, आणि बाहेरच्या बाजूचं बारीक छिद्र बोटाखाली येऊ देऊ नये.

संध्याकाळ

बास किती आहे ते कुणालाही कळतं. कसा आहे, ते डग्ग्यावर कळतं. तबल्याचं विलंबित लयीतलं ध्वनिमुद्रण घ्यावं. मनगट रेटून काढलेल्या घिश्श्यात सूर खालून वर चढतो. ते चढणं ऐकू आलं तर बासला आकार आहे. नुसताच 'धप्' आला तर तो गोंगाट. पुढची परीक्षा पुरुषी आवाजाची. 100 ते 250 हर्ट्झ जास्त उचलले असतील, तर गवई मडक्यात तोंड घालून गातोय असं वाटतं आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, मागे पडते. खालचे सूर वरच्यांना झाकतात, उलट फारसं होत नाही. अशा वेळी इक्वलायझरवर 200 हर्ट्झ 3 डेसिबलने खाली घ्यावा, खोल बासला हात लावू नये. 60 हर्ट्झ 6 डेसिबलने वाढवायचाच असेल, तर प्रीअॅम्प (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) तेवढाच उतरवावा. नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटतो.

दोन जोड्यांची तुलना वेगवेगळ्या आवाजात करणं फुकट आहे. आवाज कमी असताना कानाला खालचे सूर मुळातच कमी जाणवतात, त्यामुळे जो मोठा वाजतो तोच सरस ठरतो. आधी पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतली एकसारखी खसखस) लावून दोन्हींचा आवाज सारखा करावा.

शिवाय जागा. लोकलच्या डब्यात गाडीची घरघर बासवरच बसते, म्हणून तिथे जो तोल बरा वाटतो तोच रात्री शांत खोलीत जड होतो. घरघरीवर मात करायला आवाज चढवू नये, फोमची टिप लावावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ऐकणं सुरक्षित. 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा.

रात्री

आरामाचा निकाल दहा मिनिटांत लागत नाही, दीड तास तरी घालून ठेवावे. नळीच्या तोंडाशी ठणकलं तर टिप मोठी आहे; बाहेरच्या खोलगट भागात दुखलं तर कवचाची कड टोचतेय, आणि त्याला टिप बदलून उपाय नाही. चकली खाताना डोक्यात दगड फुटतात, ते मात्र गच्च बसल्याचंच लक्षण. चालताना वायर घासून येणारी खरखर वायर कानावरून मागे घेतली की बरीच कमी होते.

एक बाजू हळू वाजायला लागली तर डावा-उजवा अदलाबदल करून ऐकावं. मंदपणा इअरफोनबरोबर गेला तर बहुधा त्याच्या तोंडावरच्या जाळीत मळ आहे. त्याच कानात राहिला तर त्या कानात टिप नीट बसत नाही किंवा कानातच काही आहे. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. टाचणी नको, पाणी तर नकोच.