प्रिंटएफ (कोडमधून मजकूर छापायची कमांड) टाकला की बग गायब!

एम्बेडेडवाल्यांना, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कंप्युटरसाठी कोड लिहिणाऱ्यांना, हे माहितीये, बोर्डाला ना स्क्रीन ना कीबोर्ड, आत काय चाललंय ते कळणार कसं? म्हणून मग आपण सिरियल पोर्टवर (एकेक बिट बाहेर पाठवणारी जोडणी) प्रिंट मारत बसतो. पण ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एका अक्षराला सुरुवात-शेवटाचे स्टार्ट-स्टॉप बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे ४० अक्षरांची एक ओळ जायला जवळपास साडेतीन मिलिसेकंद, आणि तेवढ्यात प्रोसेसर हजारो इन्स्ट्रक्शन उरकतो. त्यामुळे टायमिंगच बदलतं आणि बग पळून जातो. प्रिंट काढला की आला परत. माझे यात दोन दिवस गेलेत, हसू नका.

खरी सुटका केली जेटॅगने, म्हणजे चिपच्या आत डोकावू देणाऱ्या एका स्टँडर्ड जोडणीने. गंमत म्हणजे ते डीबगिंगसाठी नव्हतंच! बोर्डावर चिप्स दाटीने बसायला लागल्या, सोल्डरिंग नीट झालंय का ते बघायला प्रोब टेकवायला जागा उरेना, म्हणून १९८५ मध्ये कंपन्यांचा एक गट जमला आणि १९९० मध्ये स्टँडर्ड आलं. आयडिया साधीच, प्रत्येक पिनमागे एक छोटा सेल, सगळे सेल साखळीत, आणि चार वायरींमधून आत बिट ढकलायचे, बाहेर वाचायचे. पुढे त्याच वायरींवरून लोक प्रोसेसर थांबवायला, रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले आकडे ठेवायचे कप्पे) वाचायला लागले! आर्म या प्रोसेसर कंपनीच्या एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीला तर दोनच सिग्नल पुरतात.

अर्थात मोटर फिरत असताना ब्रेकपॉइंट (कोड ठरावीक जागी थांबवणारी खूण) लावू नका. कोड थांबतो, मोटर थांबेलच असं नाही.