रास्पबेरी पायवर एसक्यूलाइट

घरातील तापमानाच्या नोंदी ठेवण्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डेटाबेस हवा असेल, तर स्वतंत्र सर्व्हर चालवण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला एसक्यूलाइट संपूर्ण डेटाबेस एकाच फाइलीत ठेवतो. त्याला वेगळी सेवा लागत नाही, आणि तो सर्वांसाठी खुला असल्याने परवान्याचाही प्रश्न येत नाही. 'एसक्यूलाइट३' हे पॅकेज बसवले, टर्मिनलवर त्या नावापुढे फाइलीचे नाव दिले आणि वेळ व तापमान अशा दोन रकान्यांचे टेबल तयार केले की काम सुरू होते.

खरी काळजी घ्यायची ती ज्यावर हा डेटा साठतो त्या एसडी कार्डाची. दर सेकंदाची नोंद स्वतंत्रपणे लिहिली, तर प्रत्येक वेळी कार्डावर लिखाण होऊन ते लवकर झिजते; म्हणून मिनिटभराच्या साठ नोंदी मेमरीत जमवून 'बिगिन' (लिखाणाचा गट सुरू) आणि 'कमिट' (तो गट पक्का) या कमांडांच्या मध्ये एकदमच लिहाव्यात. वीज गेली तर शेवटचे मिनिट हातचे जाईल, पण तापमानाच्या बाबतीत एवढे नुकसान चालण्यासारखे आहे. जर्नल मोड 'वॉल' (WAL, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) ठेवल्यास लिखाण चालू असतानाही दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येते. त्या वेळी मूळ फाइलीशेजारी आणखी दोन फाइली दिसू लागतात. त्या अनावश्यक समजून पुसू नयेत, कारण ताज्या नोंदी तिथेच असू शकतात. त्यामुळेच चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी न करता एसक्यूलाइटची 'डॉट बॅकअप' ही कमांड वापरावी आणि ती प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.