कल्हई ते कपलर: आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर तीन ओळी आहेत. सगळ्यात वर ‘कल्हई करून मिळेल’, मग ‘स्टोव्ह दुरुस्ती’, आणि खाली ‘कुकर व मिक्सर’. घरातल्या वस्तू बदलल्या तशा ओळी वाढल्या. काम मात्र एकाच जातीचं राहिलं, काहीतरी अडवून धरायचं. पितळेला आंबट लागू द्यायचं नाही, स्टोव्हमधली हवा सुटू द्यायची नाही, कुकरची वाफ आणि मिक्सरचं पाणी भलतीकडे जाऊ द्यायचं नाही.

कल्हईत सगळं घासण्यावर असतं. चिंच नि वाळूने भांडं आतून लख्ख झालं नाही, तर त्या जागी कथील धरतच नाही, काळा डाग राहतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून भट्टीवर भांडं त्याहून थोडंच जास्त तापवायचं. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघतो. हा नवसागर धातूवरचा गंज खातो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचं. भाता जास्त मारला तर कथील जळून पिवळट पडतं. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर काम स्वस्त होतं, पण ते पोटात जातं. अशी कांडी आम्ही घेत नाही. कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवू नये, कथलाचे थेंब होऊन खाली ओघळतात. कल्हई उडाल्याचं ताक आधी सांगतं. ते कळकतं, हिरवट दिसतं.

पंपाच्या स्टोव्हची मूळ रचना १८९२ सालची, स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट यांची. वात नाही. टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून सुटते. पेटत्या काकड्याने बर्नर आधी पुरेसा तापवला नाही, तर वाफेऐवजी कच्चं रॉकेल येतं आणि पिवळा भडका उडतो. निपलमध्ये पिन जोरात खुपसली की भोक मोठं होतं. मग ज्योत कायमची काजळी धरते, निपल बदलण्यावाचून इलाज नाही.

पण स्टोव्हचा जीव पंपातल्या चामड्याच्या वायसरमध्ये. तो चपटा नसतो, छोट्या वाटीसारखा असतो, तोंड टाकीच्या दिशेला. दांडा दाबला की हवा वाटीत शिरून तिच्या कडा नळीला चिकटवते, म्हणजे दाब वाढेल तसा वायसर घट्ट होतो. चामडं सुकलं की कडा आत वळतात आणि दांडा फुकट वरखाली होतो. अशा वेळी वायसर फेकायचा नाही. बोटांनी कडा फाकवायच्या आणि मशीनचं तेल दोन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं. दांडा आपोआप वर येत असेल तर दोष वायसरचा नाही, पंपाच्या बुडातल्या व्हॉल्वचा. बर्नरखालचा शिशाचा वायसर मात्र एकदा दाबला की गेला, बर्नर काढला की दरवेळी नवा.

गॅस घरोघर आल्यावर स्टोव्ह माळ्यावर गेले आणि आमच्याकडे कुकर येऊ लागले. कुकरच्या रिंगची गंमत चामड्यासारखीच आहे. तिच्या कडा आतल्या वाफेकडे असतात आणि वाफच त्यांना दाबून धरते. आतून बसणाऱ्या झाकणात तर अख्खं झाकण वाफेने वर दाबलं जातं. आतला दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो, तापमान १२० अंशांच्या आसपास. शिट्टी होत नाही आणि बाजूने वाफ येते, तर रिंग कडक झालीय. वाफ कुठूनच येत नाही, तर शिट्टीखालची नळी तुंबलीय. ती आधी उजेडाला धरून बघा. डाळ निम्म्यापेक्षा जास्त भरली की फेसाबरोबर सालं तिथेच अडकतात. सेफ्टी व्हॉल्व वितळला तर समजा, पाणी आटलं होतं. त्या जागी स्क्रू मारून आणलेले कुकरही आम्ही पाहिलेत. असला कुकर आम्ही व्हॉल्व बसवल्याशिवाय परत देत नाही. रिंग घ्यायला लिटर सांगू नका, झाकण आणा. एकच रिंग दोन-तीन मापांच्या कुकरना बसते.

मिक्सरवाले बहुतेक ‘मोटर गेली’ म्हणत येतात. बहुतेकदा मोटर नसते, पात्याचा दांडा ज्या धातूच्या नळीत, म्हणजे बुशात, फिरतो त्याच्यावरचं सील गेलेलं असतं. चटणीचं पाणी बुशात उतरतं, गंज चढतो, पातं जड फिरतं, मग जार मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात झिजतात. कपलर मुद्दाम नरम असतो, मोटर वाचावी म्हणून. जारमध्ये दोन वाट्या पाणी घालून तो कोऱ्या कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. काळपट डाग उमटला की सील बदलायचं, तेव्हाच. हाताने पातं फिरवून जड लागलं तर बुशही. जार रात्रभर पाणी घालून भिजत ठेवण्याची सवय सगळ्यात जास्त सीलं खाते. हल्ली काही जारना बुश-सील एकत्र येतं, सुटं मिळत नाही. खर्च वाढतो, त्याला आमचा नाइलाज.

स्टोव्हचे चामडी वायसर ठेवलेला खण अजून आहे. त्यातले थोडे स्टोव्हला जातात, आणि मोठ्या मापाचे सायकलच्या पंपांना.