गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी: आमची वाटचाल

आज आम्ही जुन्या अमेरिकन गाड्यांना ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर असलेले, बॉक्स बसवतो. पण वर्कशॉपची सुरुवात त्याने झाली नाही. जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचे, क्लच प्लेट, बँड, सील बदलायचे आणि परत द्यायचे, एवढाच धंदा होता. जनरल मोटर्सचे टर्बो ३५० आणि टर्बो ४००, फोर्डचा सी६. सगळे तीन गिअरचे. १९६४ साली आलेला टर्बो ४०० तर आजही आमचा लाडका आहे. बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाचा टॉर्क (फिरवायची ताकद) तो निमूट सोसतो. काम नीट व्हायचं, गाडी जायची आणि काही दिवसांनी मालकाचा फोन यायचा: गिअरबॉक्स झकास चाललाय, पण हायवेवर इंजिन सारखं ओरडतं, शेजारच्याशी बोलता येत नाही, टाकी बघता बघता रिकामी होते.

यात गिअरबॉक्सचा काहीच दोष नसायचा. पिकअपसाठी मागे ४.१० चं क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची जोडी) बसवलेलं असायचं. टायर २७ इंची धरला तर ताशी ११० किलोमीटरला इंजिन जवळजवळ ३,५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत, फिरतं. हिशोब सोपा आहे. वेग मैलांत घ्या, त्याला क्राउन-पिनियनच्या रेशोने आणि ३३६ ने गुणा, टायरच्या इंची व्यासाने भागा. टॉप गिअर १ ला १ असेल तर आलेला आकडा तोच इंजिनाचा आरपीएम. त्यावर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह चढवला की इंजिन २,६०० वर उतरतं. हे गणित आम्ही ऑफिसातल्या फळ्यावर मांडायला लागलो आणि तिथून धंद्याने वळण घेतलं.

तेव्हा येणारा जो तो जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक ७००आर४ मागायचा. १९८२ पासूनचा बॉक्स, मिळायला सोपा, ओव्हरड्राइव्ह ०.७०. स्मॉल ब्लॉकच्या हलक्या गाडीला तो छानच. पण त्याचा पहिला गिअर ३.०६ चा आहे. मागे ४.१० असेल तर दोन्हींचा गुणाकार साडेबाराच्या वर जातो. पाचशे पौंड-फूट टॉर्कच्या इंजिनाला एवढा छोटा पहिला गिअर दिला की टायर नुसते फिरतात, आणि गाडी सरळ होईपर्यंत गिअर संपलेला असतो. दुसरा १.६३ चा, म्हणजे ५,५०० ला गिअर बदलला की इंजिन थेट २,९०० च्या आसपास कोसळतं. शिवाय त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. कार्बोरेटरच्या लिव्हरशी तिची भूमिती अचूक जुळली नाही तर आतला दाब कमी राहतो आणि क्लच जळतात. ही केबल कुठेही, कशीही अडकवलेली आम्ही इतक्या गाड्यांत पाहिली, की केबलचं ब्रॅकेट आम्हीच बनवून द्यायला लागलो. ब्रॅकेट हा आमचा पहिला स्वतःचा माल.

पाँटिअ‍ॅक आणि ओल्डस्मोबिलवाल्यांना आम्ही २००-४आर सुचवायचो. त्याच्या पुढच्या तोंडाला शेव्हरोलेट आणि ब्यूक-ओल्डस्मोबिल-पाँटिअ‍ॅक अशा दोन्ही इंजिनांना बोल्ट करायची भोकं असतात, पहिला गिअर २.७४ आणि ओव्हरड्राइव्ह ०.६७. मात्र मोठ्या टॉर्कला आतलं बरंच काही बदलावं लागतं, आणि ते केल्यावर "मग आधीच मोठा बॉक्स का नाही?" हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचं आमचं उत्तर ४एल८०ई. १९९१ साली आलेला हा बॉक्स टर्बो ४०० च्याच घराण्यातला: पहिले तीन गिअर तेच, २.४८, १.४८ आणि १, वर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह. ज्याला आम्ही इतकी वर्षं आतून-बाहेरून ओळखत होतो तोच, पण इलेक्ट्रॉनिक. तोवर आमच्याकडे वायरिंगचं नाव काढलं की सगळे इकडे-तिकडे बघायचे. इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा एक भागीदार आला आणि ती अडचण संपली. कार्बोरेटरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सर, स्वतंत्र कंट्रोलर, स्पीडोमीटरसाठी सिग्नलची सोय, हे सगळं तो बघतो. बॉक्स जड आहे, लांब आहे. क्रॉसमेंबर (बॉक्सखालचा आडवा आधार) मागे सरकवावा लागतो, काही गाड्यांत टनेल (बॉक्सवरचा फरशीतला उंचवटा) ठोकावा किंवा कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा लागतो. तरीही टॉर्क खरंच मोठा असेल तर माझी पहिली पसंती तोच.

खरंच मोठा, असं मुद्दाम म्हणतो. हॉर्सपॉवर सांगताना कोणी हात आखडता घेत नाही. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या बहुतेक आकडे ग्रॉस पद्धतीने देत, म्हणजे सायलेन्सर, एअर क्लीनरसारख्या गोष्टींशिवाय बेंचवर मोजलेले. १९७२ पासून नेट आले आणि कागदावरची ताकद एकदम घटली. १९७० च्या शेव्हेलमधल्या ४५४ एलएस६ इंजिनाला ४५० हॉर्सपॉवर आणि ५०० पौंड-फूट टॉर्क लिहिलेला आहे, ते ग्रॉस. गिअरबॉक्स मोडतो टॉर्कने, म्हणून आम्ही डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) टॉर्कचा कागद मागतो. नसेल तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), कॉम्प्रेशन, कार्बोरेटर विचारून अंदाज बांधतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक बॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागावर, जातो. मोठा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम घातलेल्या इंजिनाला ३,००० स्टॉलचा, म्हणजे साधारण तितक्या आरपीएमपर्यंत घसरू देणारा कन्व्हर्टर शोभतो. पण ओव्हरड्राइव्ह लागला की क्रूझिंग २,३०० वर येतं, म्हणजे स्टॉलच्या खाली. कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तेल तापतं. लॉक-अप क्लच हवाच, वेगळा कूलरही हवा. पण लॉक-अप लावल्यावर इंजिन आणि चाकं सरळ जोडली जातात, आणि मोठा कॅम १,८०० वर गचके द्यायला लागतो. म्हणून आरपीएम जितका कमी तितकं बरं, हे मला पटत नाही. ज्या आरपीएमला इंजिन सलग, न गचकता ओढतं, तिथे क्रूझिंग बसवायचं आणि ओव्हरड्राइव्हचा आकडा त्यावरून काढायचा.

मॅन्युअलवाल्यांचंही हेच. ट्रेमेक मॅग्नम सहा गिअरचा, ७०० पौंड-फूटचा, म्हणून सगळ्यांना हवा असतो. त्याच्या एका सेटमध्ये सहावा ०.५० आहे, दुसऱ्यात ०.६३. मागे ३.५५ आणि २७ इंची टायर असेल तर ०.५० वर ताशी ११० ला इंजिन १,५०० वर फिरतं; मोठ्या कॅमला तो गिअर बिनकामाचा. बऱ्याच गाड्यांना ६०० पौंड-फूटचा पाच गिअरचा टीकेएक्स पुरतो आणि टनेलला कमी हात लागतो. बेलहाउसिंग (इंजिन आणि बॉक्समधलं कवच) नीट मध्यात बसलंय का ते आम्ही डायल गेज लावून तपासतो, पाच हजारांश इंचाच्या आत आल्याशिवाय बॉक्स चढत नाही. आणि ज्यांना मूळ मन्सी (चार गिअरचा मॅन्युअल) किंवा टर्बो ४०० हलवायचाच नसतो, त्यांच्यासाठी मागे जोडायचं गिअर व्हेंडर्सचं ०.७८ चं युनिट आहे.

आता नवी गाडी आली की मालकाला आधी एक कागद भरायला देतो: क्राउन-पिनियन, टायरचा व्यास, कॅम, टॉर्क, गाडीचं वजन, हायवेवर किती चालवणार. गिअरबॉक्सचं नाव सगळ्यात शेवटच्या ओळीत, आणि ती ओळ आम्ही भरतो. मागे २.७३ असेल तर तिथेच थांबतो. त्या गाडीत आधीच ताशी ११० ला इंजिन २,३०० वर असतं, ओव्हरड्राइव्हने ते साधारण १,६००-१,७०० वर उतरेल. अशा मालकांना क्राउन-पिनियनसकट काम करायचं असेल तर दोन्हींचं एकत्र एस्टिमेट देतो, नाहीतर त्यांचा तीन गिअरचा बॉक्स रीबिल्ड करून देतो. ते काम आम्हाला अजून येतं.