माग, एक नग, शोभेचा

इंटिरियर डिझाइनच्या इंटर्नशिपला गेले ती ड्रॉइंग शिकायला, आणि शिकले कोटेशन. जुळे सोलापुरात एका गाळ्यात आमचं ऑफिस. सर, ऑटोकॅडवर बसणाऱ्या ताई आणि मी, एवढेच जण. कॉलेजात ज्या ‘कन्सेप्ट’साठी पानंच्या पानं भरायला लावतात, तो सर क्लायंटच्या मोबाइलमधले फोटो बघून चहा संपायच्या आत ठरवून टाकतात. खरा वेळ खातं ते पुढचं. 19 एमएमचा प्लाय किती शीट लागेल, 8 बाय 4 च्या शीटमधून कप्पे कापताना वाया किती जाईल, लॅमिनेट 1 एमएमचं घ्यायचं की 0.8 चं, बिजागऱ्या साध्या की सॉफ्ट-क्लोज, मिस्त्रीची मजुरी फुटावर की रोजावर. हार्डवेअरच्या दुकानातून सरांना जे दहा टक्के येतात ते कोटेशनमध्ये लिहायचे नसतात, धरायचे असतात. मी तोंड वाकडं केलं तेव्हा ताई म्हणाल्या, “इथं फी मागितली की लोक म्हणतात, कागदाचे कसले पैसे? मग ऑफिसचं भाडं कुठून निघणार?” ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं.

सांगायचंय ते एका कॅफेच्या कोटेशनबद्दल. काम होऊन गेलं, कॅफे सुरूही झाला, तरी त्यातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही.

पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला, यंत्रमागाची एक पत्र्याची शेड होती. बाप-लेकाची. वडिलांनी चाळीसएक वर्षं तिथं चादरी काढल्या, मग माग बंद पडले, मोटारी तांब्याच्या भावाने गेल्या आणि माग भंगारात. मुलाला त्या जागेत कॅफे काढायचा होता आणि लूक हवा होता ‘इंडस्ट्रियल’. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांना तोच हवा असतो: उघडे पत्रे, उघडे पाइप, काळा रंग, पिवळे बल्ब. ज्या शहरात 1877 साली पहिली गिरणी उभी राहिली तिथे इंडस्ट्रियल लूकसाठी परदेशातल्या कॅफेचे फोटो कशाला लागतात, असं मला वाटलं. पण इंटर्नने असलं काही बोलायचं नसतं.

मापं घ्यायला मी आणि मिस्त्री गेलो. एप्रिल होता, वर पत्रे, आत भट्टी. मी ऐटीत लेझर काढला. मिस्त्री म्हणाले, “काय करूलालीस गं? ते ठेव. आधी कर्ण घे.” टेप धरून दोन्ही कर्ण मोजले तर सात इंचांचा फरक. म्हणजे चार भिंतींची लांबी अगदी बरोबर लिहून आणली असती आणि ऑफिसात बसून सुरेख काटकोनी प्लॅन काढला असता, तरी काउंटर भिंतीला लावताना एका टोकाला पाचराएवढी फट राहिली असती. जुन्या शेड्स प्लॉटच्या हद्दीप्रमाणे बांधलेल्या असतात, काटकोनाचा गुण्या लावून नाही. मागाला काय, दोन मागांमध्ये विणकराला उभं राहता आलं की झालं. मिस्त्रींनी दोरी ताणून तीन-चार-पाचच्या त्रिकोणाने एक काटकोन काढला, फरशीवर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, आता भिंत विसरायची, ही रेघ धरायची. अख्ख्या सेमिस्टरमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. रेंडरिंगमध्ये उन्हाची तिरीप कशी टाकायची ते मात्र दोनदा शिकवलं.

मग जमीन. वर्षानुवर्षं मागांचं तेल गळून कोबा काळा झालेला. मिस्त्रींनी तांब्याभर पाणी ओतलं, ते मुरेना, थेंब थेंब होऊन सरकत राहिलं. त्यावर टाइल्सचं केमिकल धरत नाही. सोडा, ॲसिड, घासणं, सगळं करून बघितलं. दोन दिवस बरं दिसायचं, उन्हाने जमीन तापली की तेल पुन्हा वर. शेवटी ब्रेकर लावून वरचा थर फोडला, नवा कोबा केला, वर शहाबादी. क्लायंटला हा खर्च समजावताना सरांचा घसा बसला, कारण फोटोत जमीन फुकट दिसते.

आणि कापूस! अँगल्सवर, वायरींवर, पत्र्याच्या पन्हाळीत तंतूंचा बोटभर थर. पेंटर त्यावरच काळा स्प्रे मारायला निघाला होता. रंगासकट तो थर कुणाच्या तरी कॉफीत पडला असता. कॉम्प्रेसरने उडवून काढायला त्याचा अख्खा दिवस गेला आणि त्याने जास्तीचे पैसे मागितले, ते बरोबरच होते. उघडे पत्रे ठेवायचा हट्ट मात्र क्लायंटने सोडला नाही. सरांनी उष्णता अडवणारं पफ पॅनेल सुचवून बघितलं. सोलापूरच्या मे महिन्यात 43 अंशांना उघड्या पत्र्याखाली एसी लावणं म्हणजे विजेचं बिल भरायची हौस. हे सरांनाही माहीत होतं, पण दुसऱ्यांदा अडवलं तर गिऱ्हाईक जातं, हेही त्यांना माहीत होतं.

मधल्या जागेत एक माग ठेवायची कल्पना सरांची. आणि खरं सांगायचं तर चांगली. मुलगा ओशाळला. म्हणाला, मॅडम, आठही माग आम्हीच विकले की. (मला मॅडम म्हणणारा तो एकटाच.) म्हणून मला आणि मिस्त्रींना भंगारवाल्यांकडे पाठवलं. तिथे कळलं की अख्खा माग मिळणं अवघड का असतं. चौकट बिडाची असते. बीड वाकत नाही, फुटतं. हजार किलोच्या आसपासचं ते धूड टेम्पोत चढवण्यापेक्षा शेडमध्येच घण घालून तुकडे करतात आणि किलोवर तोलतात. अक्कलकोट रोडच्या बाजूला एकाकडे नुकताच उतरवलेला एक अख्खा सापडला. साधा माग, वर नक्षी विणायचं जॅकार्ड नाही, मोटार अर्थातच काढलेली. माझ्या हातातली वही बघून भंगारवाल्याने भाव दीडपट सांगितला. सरांनी फोनवर “घे” म्हटलं आणि मी कोटेशनमध्ये लिहिलं: माग, एक नग, शोभेचा.

माग आला, चौकटीला मॅट काळा मारला, मधोमध ठेवला. सुतारांच्या पोराने पांढरा दोरा आणून बाजेला नवार ओढावी तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला. फोटोत झकास दिसत होतं. सरांनी तो फोटो स्टेटसला टाकलाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले. मी त्यांना काका म्हणते. घरात तेलुगू, बाहेर पक्की सोलापुरी. काका मागाभोवती एक फेरी मारून मुलाला म्हणाले, “हे काय ठेवलाव बे? विणकर कुठं उभा राहणार, भिंतीत?” खरंच होतं. मागची बाजू, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाची, बीमची, जास्त ‘भारी’ दिसते म्हणून आम्ही ती गिऱ्हाइकांकडे केली होती आणि विणकराची बाजू भिंतीला चिकटवली होती. मग म्हणाले, हा डाव्या हाताचा माग आहे, ह्याचा जोडीदार उजवा असतो, दोघांच्या मधे एक माणूस उभा राहून दोन्ही चालवतो. एकटा घेतलात तर निदान त्याचा हात मोकळ्या बाजूला येऊ द्या. मला मागाला डावा-उजवा असतो हेच माहीत नव्हतं. जन्मल्यापासून सोलापुरात राहते मी.

सर म्हणाले, काका, शोभेचा आहे, कोण बघतंय? काकांनी उत्तर दिलं नाही. पहार मागितली. खाली लोखंडी पाइप सारून, चार हमाल आणि मिस्त्री मिळून त्यांनी माग फिरवून घेतला. नव्या शहाबादीवर एक ओरखडा उठला. सर ऑफिसला निघून गेले.

त्यानंतर काका रोज येत राहिले. सांध्यांवरचा काळा रंग त्यांनी रॉकेल आणि पॉलिश पेपरने खरवडून काढला, तेल सोडलं. बांधलेले दोरे कापून टाकले. पूर्ण पन्ह्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, भरायचा तर हजारो धागे, एकट्याचं काम नव्हे. त्यांनी मधला वीतभर पट्टाच धरला. एका चालू कारखान्यातून बीमवर उरलेलं सूत आणलं, ओळखीच्या एका मावशींना बोलावलं. मागच्या बाजूने मावशी एकेक धागा देणार, पुढून काका बारीक आकड्याने तो तारेच्या डोळ्यातून ओढून घेणार, मग फणीच्या एकेका घरात दोन-दोन धागे. एक धागा चुकला तर पुढचं सगळं सरकतं. काकांचा चष्मा जुना, तरी त्यांची बोटं डोळ्यांची वाट बघत नव्हती. मी मापाची वही घेऊन शेजारी उभी, काउंटरच्या ड्रॉवरचे चॅनल मोजायचे सोडून.

ताणा भरला तेव्हा त्यांनी चाक हाताने फिरवलं. धागे वर-खाली उघडले, फणी ठोकून गेली. आडवा धागा नेणारा धोटा मात्र हलला नाही. हाताने फिरवलं तर तेवढा जोर बसत नाही, तो वेगातच उडतो. म्हणून काका प्रत्येक वेळी धोटा हाताने सरकवायचे, चाक फिरवायचे, पुन्हा सरकवायचे. चार बोटं कापड झालं. मुलाने व्हिडिओ काढला. काका मोटार बसवायचं म्हणाले, त्यावर मात्र सर अडले आणि तिथे मी सरांच्या बाजूने होते. वेगात धोटा निसटला तर माणसाचा डोळा जातो, हे काकांनीच मला सांगितलं होतं. शिवाय एक माग चालला तरी शेजारच्या टेबलावर कुणाला कुणाचं ऐकू आलं नसतं.

बिल झालं. प्लाय आहे, शहाबादी आहे, कापूस उडवल्याचे पेंटरचे पैसे आहेत, माग फिरवणारे हमाल आहेत, माग एक नग शोभेचा आहे, आणि त्यावरही सरांचे दहा टक्के धरलेले आहेत. काकांच्या कामाची ओळ नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, “अगं, त्यांचंच हॉटेल. बापाकडून पोराला बिल लावू का?” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाने तरी वेगळं काही दिलं असेल का, तेही विचारता येत नाही.

पण आता होटगी रोडच्या एका क्लायंटला तो फोटो आवडलाय आणि त्याच्या शोरूमला ‘तसाच माग’ हवाय, धाग्यांसकट. मी भंगारवाल्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, “फोडलेला पाहिजे का अख्खा? अख्ख्याचा रेट येगळाय आता.” म्हणजे त्याने अख्खे माग बाजूला काढून ठेवायला सुरुवातही केली आहे. मग काकांना फोन केला. त्यांनी एकही आढेवेढा न घेता जॉबरचा, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिराचा, चालू रोज सांगितला, मावशींचा वेगळा, आणि म्हणाले, डावा-उजवा जोडीने मिळाला तर बघ.

सरांचं म्हणणं, काकांना कशाला मधे घ्यायचं, मागचा व्हिडिओ बघून सुतारांचा पोरगा ओवेल धागे. मी कोटेशनमध्ये दोन ओळी घातल्यात: जॉबर, रोजावर. ताणा भरणे, मजुरी वेगळी. दर काकांनी सांगितला तोच लिहिलाय, त्यात कुणाचे टक्के धरलेले नाहीत. फाइल सोमवारपासून सरांच्या टेबलावर आहे. ताई म्हणतात, तुझे इंटर्नशिपचे मार्क त्यांच्याच हातात आहेत, विसरू नकोस.