चिंचेखालची पाटी

अख्खी बोटॅनिकल गार्डन एका दिवसात 'उरकायची' असं ठरवून गेटवर पोहोचले होते. हातात नकाशा, त्यावर पेनाने केलेल्या ११ खुणा. दोन तासांत पाच उरकल्या आणि पायांचे तुकडे पडले. (नवी चप्पल घालून गेले होते, त्याबद्दल न बोललेलंच बरं.) मोबाइलमध्ये ढीगभर फोटो, पण कुठलं झाड कुठलं, ते मलाच सांगता येईना.

टेकायला म्हणून बसले ते झाड नेमकं चिंचेचं निघालं. परगावात शेजारीण भेटावी तसं झालं. समोर पाटी होती, बसल्या बसल्या वाचली. 'टॅमरिंडस इंडिका एल.' आणि खाली, 'मूळस्थान : आफ्रिका'. चिंच आफ्रिकेची? नाव 'इंडिका' आणि माहेर भलतीकडेच! 'टॅमरिंडस'ही तसाच, अरबी 'तमर हिंदी'वरून आलेला, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर.

शेवटचा 'एल.' मला रंगाऱ्याची चूक वाटला. आळ्यात पाणी सोडणारे माळीकाका हसले. "तो लिनियसचा एल, ताई. ज्यानं नाव ठेवलं त्याची खूण मागं राहते." या लिनियस नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हजारो वनस्पतींची दोन शब्दी नावं एका ग्रंथात छापली. पाटीच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता, तो त्या झाडाचा हजेरीपटावरचा नंबर. पहिले चार अंक म्हणजे झाड बागेत दाखल झालं ते साल. मी उठून आधी आपल्यापेक्षा वयाने लहान झाडं शोधली. बरीच सापडली.

नकाशा घडी करून पर्समध्ये टाकला. काचघरात भर दुपारी शिरले ही चूकच. चष्म्यावर वाफ धरली आणि दोन मिनिटांत बाहेर आले.

उरलेला वेळ तळ्याकाठी गेला. व्हिक्टोरिया अमेझोनिका, म्हणजे कमळासारखी पाण्यावर तरंगणारी अवाढव्य वनस्पती, काठ वर वळलेली परातीएवढी पानं. ही पूर्ण वाढली तर अडीच मीटरच्याही पुढे जातात म्हणे. एक पान कडेला उलटं झालं होतं. वरून गुळगुळीत, पण खाली जाड शिरांची जाळी आणि बोटभर काटे! फूल मात्र मिटलेलं, कडांना गुलाबी. मी हिरमुसले. मग काका म्हणाले, पहिल्या संध्याकाळी ते पांढरं उमलतं, घमघमतं. त्याच्या मूळ गावी, अ‍ॅमेझॉनकडे, वासावर भुंगे आत शिरतात, फूल मिटतं आणि ते रात्रभर कोंडले जातात. दुसऱ्या संध्याकाळी फूल गुलाबी होऊन उघडतं, तेव्हा परागाने माखून सुटतात.

"मग इथे भुंगे?"

"इथला भुंगा मीच. कुंचला घेऊन उतरतो."

बाग बंद व्हायची शिट्टी झाली. एक पाकळी जराशी सैल झाल्यासारखी वाटली, म्हणून मी रेंगाळले. तेवढ्यात मागून रखवालदार, "ओ ताई, चला आता."