सांकरीत खोली घेताना: नळ आधी, खिडकी नंतर

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपांवर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या ट्रेकचे बेत सुरू होतात. पहाटे पाठीवर दहा किलो घेऊन येऊरची चढण, रविवारी खारघरची टेकडी, संध्याकाळी गोखले रोडवर थर्मलची खरेदी, सगळं रीतसर होतं. ट्रेकच्या आधीची आणि नंतरची रात्र पायथ्याच्या सांकरी गावात जिथे काढायची ती खोली मात्र फोटो बघून ठरते. फोटोत खिडकी असते, खिडकीत बर्फाचा डोंगर असतो, आणि बहुतेक वेळा तो फोटो मे महिन्यात काढलेला असतो.

हे सगळं हजार-दीड हजारात मिळणाऱ्या खोलीबद्दल आहे. सांकरी साधारण 1,950 मीटरवर, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद अभयारण्याच्या हद्दीत. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. आपल्याकडे पारा पंधरा-सोळावर आला की कपाटातून स्वेटर निघतात, त्यामुळे खोलीत पंखा नाही हे बघूनच निम्मी मंडळी खूश होतात. पाहायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत.

पहिली म्हणजे पाणी. डोंगरातल्या अशा गावांत पाणी बहुतेकदा वरच्या झऱ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या नळीने उताराने येतं. नळी जमिनीवरूनच टाकलेली असते. रात्री तिच्यातलं पाणी गोठतं आणि ऊन पडेपर्यंत, म्हणजे सकाळी दहा-अकरापर्यंत, थेंब येत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरपूर असतं, पण टाकीतून निघणाऱ्या तोंडाशी बर्फाचा बूच बसलेला असतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून नळी फुटते ती रात्री आणि गळायला लागते ती दुपारी, बर्फ वितळल्यावर. दुपारी खोलीत शिरताना बाथरूमच्या भिंतीला ओल दिसली तर ती कालच्या थंडीची खूण समजा.

फोनवर विचारायचा प्रश्न असा: ‘भैजी, सुबह बाथरूम में पानी जम जाता है क्या?’ गिझर आहे का, असं विचारलंत तर उत्तर कायम ‘हाँ जी’ येईल, आणि ते खरंही असतं. गिझर असतोच, त्याच्यात पाणी नसतं. भैजी म्हणजे गढवालीत थोरला भाऊ. सर किंवा बॉस म्हणण्यापेक्षा या एका शब्दावर जास्त खरी उत्तरं मिळतात.

खोली मिळाल्यावर दुपारीच दोन बादल्या गच्च भरून ठेवा. बादलीवर बर्फाची पापुद्री धरली तरी मगाच्या बुडाने ती फुटते, नळीतला बूच तसा फुटत नाही. झोपताना नळ अगदी बारीक धारेत सोडून ठेवायचा, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. कमोडची टाकी गोठली तर वरून उकळतं पाणी ओतू नका, चिनी माती तडकते. कोमट पाण्याची बादली पुरते. आणि पायात रबरी चप्पल हवीच. बाथरूमच्या फरशीवर सांडलेलं पाणी सकाळी काच झालेलं असतं. ट्रेकच्या आदल्या दिवशी मनगट मोडायला याहून सोपी जागा नाही.

आता गिझर. गणित करून पाहिलं की हॉटेलवाल्यावरचा निम्मा राग निवळतो. 15 लिटरचा, 2,000 वॅटचा साधा गिझर घ्या. ठाण्यात नळाला 25 अंशांचं पाणी येतं. ते 45 अंशांवर न्यायला दहा-अकरा मिनिटं लागतात. सांकरीत तेच पाणी चार अंशांवर असतं, म्हणजे पूर्ण दाबाने वीज असली तरी वीस-बावीस मिनिटं. पण संध्याकाळी सगळ्या गावाचे हीटर आणि गिझर एकदम चालू झाले की व्होल्टेज 230 वरून 160 वरही उतरतं. गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 160 ला 2,000 वॅटचे हजारही उरत नाहीत आणि तेच पाणी तापायला पाऊण तास लागतो. लाल दिवा मात्र सगळा वेळ पेटलेला दिसतो.

शिवाय गरम पाण्यात मिसळायचं पाणीही चार अंशांचंच. 60 अंशांपर्यंत तापलेल्या 15 लिटरमधून अंघोळीजोगं 40 अंशांचं पाणी ठाण्यात 35 लिटर होतं, तिथे जेमतेम 23. म्हणजे इकडे दोघांचं भागतं तिथे एकाचं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असलेली खोली तर हिवाळ्यात घेऊच नये. 3,000 वॅटवर मिनिटाला दोन लिटरची धार सोडली तरी ते पाणी वीस-बावीस अंशच वर चढतं, आणि चार अधिक बावीस म्हणजे ठाण्यातलं नळाचं पाणी.

यापेक्षा लाकडावर तापवलेली बादली बरी. काही घरांत अंगणात तांब्या-पितळेचा हमाम असतो, आपल्या बंबाचाच भाऊबंद. बादलीचे वेगळे पन्नास-शंभर रुपये पडतात, ते आनंदाने द्या. किती वाजता हवी ते तासभर आधी सांगायचं. बादलीत बुडवायचा हीटर रॉड कोणी आणून दिला तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. डोंगरातल्या अर्थिंगवर विसंबू नये.

खोली कुठली घ्यायची? मला विचाराल तर जुन्या लाकडी घरातली, संडास बाहेर असला तरी. देवदाराची जाड फळी थंडी अडवते. नव्या सिमेंटच्या इमारतीचा स्लॅब रात्रभर थंडी साठवतो आणि दिवसभर ती परत करत राहतो. सिमेंटच्याच इमारतीत राहायचं असेल तर मधला मजला मागा. वरच्या मजल्यावर डोक्यावर पत्रा असतो, आणि निरभ्र रात्री पत्र्यातून खोलीची ऊब पार निघून जाते. तळमजल्याला ओल. खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला असावी. बर्फाचा देखावा उत्तरेला असेल तर तो बाहेर ओट्यावर उभं राहून, चहा घेत बघा.

रजाईचं वजन बघून खूश होऊ नका. कापसाची रजाई दमट झाली की जड लागते आणि ऊब देत नाही. दोन्ही हातांत दाबून गालाला लावायची. नुसती गार असेल तर अर्ध्या मिनिटात गालाच्या उबेने ती कोमट होते, ओली असेल तर गारच राहते आणि कुबट वास येतो. तशी असेल तर दिवसाउजेडी बदलून मागा. रात्री नऊला सगळ्या रजाया वाटून झालेल्या असतात. दोन मिळाल्या तर दोन्ही अंगावर घेऊ नका. एक दुहेरी घडी करून अंगाखाली घाला, कारण पातळ गादी आणि प्लायवुडच्या पलंगातून येणारी थंडी अंगावरच्या कितीही रजायांनी थांबत नाही. घरून सुती चादरीची पिशवी शिवून न्या, स्लीपिंग बॅगेच्या आत घालतात तशी. तिने ऊब वाढते आणि आधीच्या चार पाहुण्यांच्या खुणा अंगाला लागत नाहीत. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवली तर मध्यरात्रीपर्यंत पुरते, आणि सकाळी तेच पाणी न गोठलेलं हाताशी असतं.

यानंतरचा भाग घाईत वाचू नका. थंडीने काकडणाऱ्या पाहुण्याला मालक मायेने निखाऱ्यांची अंगिठी खोलीत आणून देतो. दार-खिडक्या लावलेल्या, फटींत वर्तमानपत्र कोंबलेलं, आणि आत कोळसा धुमसतोय. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं, आणि निखारे लालबुंद झाले की धूर खरोखरच दिसत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. ठाण्याहून आलेला माणूस म्हणतो, उंचीचा त्रास होतोय, झोपलो की बरं वाटेल. तिथेच घात होतो. उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, सांकरी त्याच्या बरीच खाली आहे. सांकरीत, बंद खोलीत, विस्तवाशेजारी डोकं दुखलं तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या, मग पुढचा विचार करा. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखणं ही तर पक्की खूण. अंगिठीवर हात शेकायचे ते ओसरीवर, आणि झोपण्याआधी ती खोलीच्या बाहेर गेली पाहिजे. बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गॅस गिझर असेल तर तोच नियम: झरोका उघडा असल्याशिवाय तो पेटवायचा नाही.

जेवणाचं फार काही सांगायला नको. राजमा-भात, पोळी, बटाट्याची भाजी. तिकडचा राजमा चांगला असतो. ऑर्डर सहाच्या आत द्या, आठ-साडेआठला चूल विझते. या उंचीवर पाणी साडेत्र्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून उघड्या भांड्यातला भात टचटचीत राहतो. कुकरचा भात मागा. पिण्याचं पाणी उकळलेलं घ्या आणि उकळी फुटल्यावर तीन मिनिटं चुलीवर राहू द्यायला सांगा. चहाच्या किटलीतलं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे.

पैसे सांकरीच्या वाटेवरच्या पुरोल्यात काढून ठेवा, त्यापुढे एटीएमवर भरवसा ठेवू नका. क्यूआर कोड प्रत्येक दुकानावर चिकटवलेला आहे, पण नेटवर्क गेलं की तो नुसता कागद. घरी फोनही पुरोल्यातूनच करून टाका. हॉटेलात ओळखपत्र म्हणून आधार चालतं, पॅन कार्ड चालत नाही. सोबत दोन झेरॉक्स ठेवा, ट्रेकच्या परवान्यालाही लागतात. बिलात जीएसटी लावला असेल तर त्यावर जीएसटी क्रमांक छापलेला हवा. 7,500 पर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून पाच टक्के लागतो, त्याआधी बारा होता. नोंदणी नसलेल्या लहान हॉटेलवाल्याला तो आकारताच येत नाही.

जाताना एक रात्र डेहराडूनमध्ये धरा. कुर्ला टर्मिनसहून गाडीने हरिद्वारला उतरा नाहीतर विमानाने जा, सांकरीची बस पहाटेचीच असते आणि ती रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या अड्ड्यावरून सुटते. आयएसबीटी, म्हणजे शहराचा मोठा बस अड्डा, तिथून पाच-सहा किलोमीटर लांब. आयएसबीटीजवळच्या चकचकीत हॉटेलात उतरलेले लोक पहाटे पाचला रिक्षा शोधत फिरतात. साधारण दोनशे किलोमीटरच्या रस्त्याला मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत नऊ-दहा तास जातात. नैटवाडला अभयारण्याच्या चौकीवर नोंद होते.

ट्रेकला निघताना जास्तीचं सामान हॉटेलातच ठेवता येतं. पिशवीवर नाव आणि परतीची तारीख लिहा, आणि परतीच्या रात्रीची खोली त्याच वेळी पक्की करा, निम्मे पैसे देऊन. खरी गर्दी त्या रात्रीचीच. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात तर सगळ्या टोळ्या दुपारी दोन ते चारमध्ये एकदम खाली उतरतात, सगळ्यांना अंघोळ हवी असते आणि 160 व्होल्टचं वर सांगितलेलं गणित तेव्हाच सुरू होतं. ग्रुपमध्ये चारजण असाल तर एकाला तासभर आधी पुढे पाठवा. त्याने बादल्या सांगून ठेवायच्या. नाहीतर त्या संध्याकाळी हात-पाय-तोंड धुऊन झोपा आणि दुसऱ्या दिवशी डेहराडूनला अंघोळ करा. चार दिवस बिनअंघोळीचे काढलेच आहेत, त्यात आणखी एकाची भर.

ओले बूट अंगिठीपाशी वाळवू नका. तळ चिकटवलेला गोंद उष्णतेने सुटतो. आतला सोल काढायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत बरेच कोरडे होतात. बुटांचं आणखी एक. ठाण्याच्या दमट हवेत दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा पॉलियुरेथेनचा तळ आतून कुजतो. वरून नवा दिसतो आणि बर्फात चाळीस पावलांवर बिस्किटासारखा भुगा होतो. निघण्याआधी घरीच अंगठ्याने टाचेच्या कडेला जोर देऊन पाहा. खळगा पडला किंवा चिरा दिसल्या तर तो बूट नेऊच नका. सांकरीत बूट भाड्याने मिळतात, बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर आणि बुटाखाली चढवायचे काटेरी मायक्रोस्पाइकही. फक्त मोजे दोन जोड घालून माप घ्या.

परतीची बसही पहाटेची. मालक तेव्हा झोपलेला असतो आणि त्याला उठवून हिशेब करायला लागलात तर बस जाते. आदल्या रात्री जेवतानाच बिल चुकतं करा, थर्मास स्वयंपाकघरात देऊन ठेवा आणि किल्ली कुठे ठेवायची ते विचारून घ्या. बहुतेक जण सांगतात, दारालाच राहू द्या.